देहाचा पाहुणचार : स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा एक उपेक्षित इतिहास

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे बहुधा शस्त्राचाच इतिहास लिहितात. सुरी कोणी धरली, ती किती खोल गेली, रोगी वांचला कीं दगावला, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें काम संपतें. सुरी बाहेर निघाल्यावर आंत काय राहिलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः बहुतेक प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर वैद्य रोग्याच्या देहांत कांहीं ना कांहीं परकें ठेवून जातो: रेशमाचा धागा, तातीचा टांका, धातूची चाप, रबराची नळी, आणि अलीकडे रसायनशाळेंत घडविलेल्या पदार्थाची पिशवी किंवा जाळी. हा पाहुणा देहाला मानवतो कीं नाहीं, यावर पुष्कळदां जखमेचें आणि जखमी माणसाच्या पुढील आयुष्याचें भवितव्य अवलंबून असतें. अशा पदार्थांस शास्त्रज्ञ 'बायोमटेरिअल' म्हणतात. या लेखापुरतें आपण त्यांस 'देहसह्य द्रव्यें' म्हणूं.

या द्रव्यांची कथा हाडांच्या, दांतांच्या किंवा हृदयाच्या निमित्तानेंही सांगतां आली असती. आम्हीं ती स्तनाच्या कर्करोगाच्या निमित्तानें सांगण्याचें योजिलें आहे, यास दोन कारणें आहेत. एक असें कीं, या एका रोगाच्या उपचारांत शस्त्राचा अतिरेक, त्याचा संकोच आणि परक्या पदार्थाची परीक्षा हे तीनही अंक एकाच रंगभूमीवर पाहावयास मिळतात. दुसरें कारण घरगुती आहे. आपल्या सुशिक्षित घरांतून मधुमेहाविषयीं आणि रक्तदाबाविषयीं जेवतांनासुद्धां बोलणें होतें. परंतु या रोगाचें नांव निघालें कीं आवाज खालीं येतो, आणि पुरुषमंडळी वर्तमानपत्र उघडतात. आम्ही वैद्य नव्हों, इतिहासाचे विद्यार्थी आहों. आणि ज्या गोष्टीविषयीं आवाज खालीं येतो, तिचा इतिहास मोठ्यानें सांगणें हें इतिहासाच्या विद्यार्थ्याचें एक कर्तव्यच आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या लहानपणींची एक आठवण येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमची एक मावशी डावा हात नेहमीं पदराखालीं ठेवीत असे. तो हात उजव्याच्या जवळजवळ दीडपट जाड होता. तिच्या कपाटांत पातळांच्या घडीखालीं एक लहानशी कापडी पिशवी असे, आणि तींत मोहरी भरलेली होती. आम्हीं एकदां ती चेंडू समजून खेळावयास घेतली, तेव्हां आईनें ती हातांतून ओढून घेतली. रागें भरली नाहीं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलें. पुढें कळतें झाल्यावर समजलें कीं ती मोहरी हें मावशीचें 'देहसह्य द्रव्य' होतें: काढून टाकलेल्या स्तनाच्या जागीं चोळींत ठेवावयाचें वजन. आणि हेंही समजलें कीं छातींतील गांठ तिनें दीड वर्ष कोणास सांगितली नव्हती.

गांठ लपविण्याची ही रीत फार पुरातन आहे. हिरोडोटसानें आपल्या इतिहासांत इराणच्या दरायस बादशहाची राणी अटोसा हिची हकीकत दिली आहे. तिच्या स्तनावर गांठ आली. ती लहान होती तोंवर राणीनें लज्जेनें कोणास सांगितली नाहीं, आणि ती फुटून पसरूं लागली तेव्हां डेमोसीडीस नांवाच्या ग्रीक वैद्यास बोलावलें. त्याच्या उपचारानें ती बरी झाली, असें तो इतिहासकार सांगतो. त्यावरून तो कर्करोग असेलच असें म्हणवत नाहीं. परंतु रोगाचें निदान काय तें असो, लज्जेचें निदान मात्र अचूक आहे. त्याच्याही पूर्वीं, इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० वर्षांच्या एका मिसरी पपायरसांत स्तनावरील फुगीर, थंड आणि कठीण गांठींचें वर्णन येतें, आणि त्यापुढें उपचाराच्या जागीं 'उपाय नाहीं' अशा अर्थाचा शेरा आहे. शेंकडों पिढ्यांपर्यंत वैद्यांजवळ याहून प्रामाणिक असें उत्तर नव्हतें.

आपल्याकडे सुश्रुतानें अर्बुदांचें वर्णन केलेंच आहे. परंतु आमच्या विषयास अधिक लागू पडणारी गोष्ट म्हणजे त्यानें दिलेली टांक्याच्या साधनांची यादी. बारीक सूत, अश्मंतकाच्या सालीचे तंतु, ताग, जवसाचा धागा, स्नायु, केस, मूर्वा आणि गुळवेल यांचे तंतु, इतके पर्याय तो देतो. आणि आंतडें शिवतांना मुंग्यांकडून जखमेच्या कडा चाववून त्यांचीं डोकीं तशींच आंत राहूं द्यावीं, असेंही सांगतो. कोणतें परकें द्रव्य देह सोसतो आणि कोणतें कालांतरानें जिरवतो, याचा विचार त्या काळींही चालूं होता, एवढें या यादीवरून निःसंशय दिसतें.

शस्त्र मात्र फार काळ आंधळें आणि निर्दय राहिलें. १८११ च्या सप्टेंबर महिन्यांत पॅरिस शहरीं इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिचा स्तन काढण्यांत आला. शस्त्रक्रिया करणारा लारे हा नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शस्त्रवैद्य. गुंगी आणण्यास थोडेंसें मद्य, आणि तोंडावर एक तलम रुमाल. त्या रुमालांतून तिला पात्याची चमक दिसत होती. कित्येक महिन्यांनंतर तिनें हा सर्व प्रसंग आपल्या बहिणीस पत्रानें कळविला. तें पत्र आम्हीं प्रथम वाचलें तें वाङ्मय म्हणून. दुसऱ्यांदा वाचलें तेव्हां पुस्तक मिटून ठेवावें लागलें. बर्नी पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. गंमत अशी कीं, त्यापूर्वीं सात वर्षें, १८०४ सालीं, जपानांतील हानाओका सेइशू या वैद्यानें वनस्पतींच्या काढ्यानें पूर्ण भूल देऊन साठ वर्षांच्या एका वृद्धेच्या स्तनांतील कर्करोग काढला होता. त्या काढ्याची परीक्षा स्वतःवर होऊं देणारी त्याची पत्नी दृष्टीला मुकली, असें सांगतात. पण जपानचीं दारें त्या वेळीं बंद होतीं, आणि ही विद्या पॅरिसपर्यंत पोंचली नाहीं. युरोप-अमेरिकेस ईथरची भूल मिळावयास १८४६ साल उजाडावें लागलें.

भुलेनें वेदना गेली, पण मरण गेलें नाहीं. तें जखमेच्या कुजण्यांत दडलेलें होतें. येथें जोसेफ लिस्टर हा पुरुष येतो, आणि आमच्या कथेचा खरा धागाही, अक्षरशः, येथेंच हातीं लागतो. १८६७ च्या जून महिन्यांत ग्लासगो येथें लिस्टरनें आपली सख्खी बहीण इझाबेला हिचा स्तन काढला. इतर वैद्यांनीं आशा सोडलेली होती. शस्त्रक्रिया त्याच्या राहत्या घरीं, जेवणाच्या टेबलावर झाली. कार्बोलिक अॅसिडाच्या योगानें जखम कुजली नाहीं, आणि बहीण आणखी सुमारें तीन वर्षें जगली. त्या काळीं रक्तवाहिनी बांधण्यास रेशमाचा किंवा तागाचा धागा वापरीत, आणि त्याचें लांब टोंक जखमेबाहेर लोंबतें ठेवीत. आंतील गांठ कुजून सुटली म्हणजे तें ओढून काढावयाचें. म्हणजे जखम पुरती भरूं न देणें हाच त्या पद्धतीचा नियम होता. लिस्टरला प्रश्न पडला: धागा निर्जंतुक केला, तर तो आंतच ठेवून जखम बंद कां करूं नये? त्यानें मेंढीच्या आंतड्याची तात, जशी पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागते तशी, कार्बोलिकमध्यें मुरवून एका वासराच्या मानेंतील धमनीस बांधली. महिन्यानें पाहतों तों तात जवळजवळ नाहींशी झालेली, आणि तिच्या जागीं वासराच्याच जिवंत ऊतीचें कडें तयार झालेलें! १८६९ सालीं त्यानें हा शोध प्रसिद्ध केला. पाहुणा येतो, काम करतो, आणि यजमानाचाच एक भाग होऊन नाहींसा होतो, ही कल्पना देहसह्य द्रव्यांच्या शास्त्रांत त्या दिवशीं प्रथम शिरली.

परंतु सगळेच पाहुणे असे विरून जात नाहींत. १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना गांवीं मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक अळींत एक बारीक कांटा टोंचून ठेवला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींनीं वेढा घातलेला त्याला दिसला. हाच वेढा मनुष्याच्या देहांतही पडतो. परकी वस्तु आंत येतांच कांहीं क्षणांत तिच्यावर रक्तांतील प्रथिनांचा थर बसतो. मग भक्षक पेशी येतात. वस्तु गिळण्यास मोठी पडली तर अनेक पेशी एकमेकींत मिळून राक्षसी पेशी होतात. आणि तेंही साधलें नाहीं, तर देह त्या वस्तूभोंवतीं तंतूंची भिंत बांधून तिला जन्मठेपेची शिक्षा देतो. देहाचा पाहुणचार हा असा असतो. 'कांहींच न करणारा' म्हणजे सर्वथा निष्क्रिय असा पदार्थ जगांत नाहीं, हें सत्य शस्त्रवैद्यांस पटावयास पुढें जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, आणि त्या शिक्षणाची फी स्त्रियांनीं भरली.

तत्पूर्वीं शस्त्राच्या अतिरेकाचा अंक झाला. त्याचा नायक अमेरिकेंतील विल्यम हॉल्स्टेड. हा पुरुष थोर होता यांत शंका नाहीं; शस्त्रक्रियेंत रबरी हातमोज्यांचा प्रघात पाडण्याचें श्रेय त्याच्याकडे जातें, बारीक रेशमी टांक्याचा आणि हळुवार हाताचा आग्रह त्यानेंच धरला. रोग स्तनापासून क्रमाक्रमानें भोंवतालीं पसरतो, म्हणून जितकें अधिक कापावें तितका रोगी अधिक सुरक्षित, असा त्याचा सिद्धांत होता. संपूर्ण स्तन, छातीचे स्नायु आणि काखेंतील लसग्रंथि (ज्या सुजल्या म्हणजे आपण 'अवधाण आलें' म्हणतों) असें सर्व एकत्र काढून टाकण्याची त्याची पद्धति १८९४ मध्यें पन्नास रोग्यांच्या हकीकतीसह जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतून प्रसिद्ध झाली, आणि पाऊणशें वर्षें तिनें जगावर राज्य केलें. जागींच रोग पुन्हां उद्भवण्याचें प्रमाण तिनें पुष्कळ कमी केलें, हें खरें. पण छातीची खोबण, अखडलेला खांदा आणि सुजलेला हात ही त्याची किंमत होती. त्या सुजेवर खुद्द हॉल्स्टेडनेंच १९२१ सालीं निबंध लिहिला, आणि तिला शस्त्रक्रियेपासून उत्पन्न होणारा हत्तीरोग असें नांव दिलें. पदराखालचा मावशीचा हात त्याच जातीचा होता.

या राज्याविरुद्ध पहिलें बंड करणाऱ्यांत लंडनचा जेफ्री केन्स होता. अर्थशास्त्रज्ञ केन्सचा हा धाकटा भाऊ. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांस तो विल्यम ब्लेकच्या ग्रंथांचा संपादक म्हणून ठाऊक असतो. त्यानें १९२० नंतरच्या दशकांत गांठीच्या ठिकाणीं रेडियमच्या सुया रोवून, स्तन राखून उपचार केले, आणि १९३७ मध्यें आपले अनुभव प्रसिद्ध केले. सहव्यवसायी हंसले. त्यांचें हसें थांबविण्यास एका माणसाचा अनुभव पुरेसा नव्हता. त्यास हजारो स्त्रियांची मोजणी हवी होती. ती पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशरनें केली. रोग आरंभींच रक्तावाटे दूर जाऊं शकतो, तेव्हां छातीवर अधिक कापून उपयोग काय, असा त्याचा तर्क होता. आणि तर्कावर न थांबतां त्यानें १९७१ पासून सोळाशेंच्या वर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले. इटलींत मिलान येथें उंबेर्तो व्हेरोनेसी यानें ७०१ स्त्रियांवर तशीच परीक्षा केली, आणि १९८१ सालीं दाखवून दिलें कीं लहान गांठीसाठीं स्तनाचा एक चतुर्थांश भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मर्यादेंत फरक पडत नाहीं. फिशरच्या १८५१ स्त्रियांच्या दुसऱ्या परीक्षेनें तोच निर्वाळा दिला. २००२ सालीं एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकांत या दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष छापून आले, आणि हॉल्स्टेडचें राज्य कागदोपत्रींही संपलें. ज्या स्त्रियांनीं 'आमचें काय करावयाचें तें चिठ्ठीनें ठरवा' म्हणून संमति दिली, त्यांचीं नांवें कोणत्याही इतिहासांत नाहींत. परंतु हें राज्य उलथून टाकणाऱ्या खऱ्या वीरांगना त्याच होत.

आतां तिसरा अंक, म्हणजे रितेपणा भरून काढण्याचा. १८९५ सालीं हायडेलबर्गच्या चेर्नी या शस्त्रवैद्यानें एका गायिकेच्या स्तनांतील गांठ काढल्यावर तिच्याच पाठीकडची चरबीची एक निरुपद्रवी गांठ त्या पोकळींत बसविली. इटलींतील तान्सिनीनें १९०६ च्या सुमारास पाठीचा स्नायु कातडीसह फिरवून छातीवर आणला. या लोकांनीं पाहुणा परका आणलाच नाहीं. घरांतीलच माणूस एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेला. ही वाट शहाणपणाची होती. पण ती कठीण होती, आणि सोप्या वाटेचा मोह मनुष्यास नेहमींच पडतो. १८९९ पासून गेर्सुनीच्या पद्धतीनें मेणासारखें पॅराफिन टोंचण्याची टूम निघाली. त्याच्या गांठी झाल्या, व्रण झाले, तें भलतीकडेच वाहत गेलें. १९५० नंतर पॉलिव्हिनाइलचा स्पंज आला. देहाच्या तंतूंनीं त्याच्या छिद्राछिद्रांत शिरून त्याचा लांकडासारखा कठीण गोळा करून टाकला.

याच सुमारास दुसरीकडे एक घटना घडली होती. महायुद्धांत विमानांच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत, आणि ते आंत राहूनही डोळा भडकत नसे, हें हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्यानें हेरलें, आणि १९४९ सालीं त्याच प्लास्टिकचें भिंग त्यानें मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यांत बसविलें. आज आपल्या घरोघरच्या आजोबा-आजींच्या डोळ्यांत जें भिंग आहे, त्याचा हा मूळपुरुष. या यशामुळें 'देह ज्याकडे दुर्लक्ष करील असें प्लास्टिक' शोधण्याची आशा बळावली. अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं जेरो या तरुण शस्त्रवैद्यानें रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातांत दाबून पाहिली आणि त्याला तिचा स्पर्श स्तनासारखा वाटला, असें सांगतात. त्यानें व क्रोनिन यानें सिलिकोनच्या पिशवींत सिलिकोनचाच गर भरला, तो एका कुत्रीच्या अंगांत ठेवून पाहिला, आणि १९६२ च्या वसंतांत एका स्त्रीस बसविला. ती स्त्री कर्करोगाची रोगी नव्हतीच. ती गोंदण काढून घेण्यासाठीं आली होती. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेस ही पिशवी मागाहून लागूं पडली, आणि असंख्य स्त्रियांस तिनें आरशासमोर पुन्हां उभें राहण्याचें बळ दिलें, हें नाकारतां येत नाहीं.

पण मेचनिकॉफचा कांटा कोणी विसरूं नये! देहानें या पाहुण्याभोंवतींही भिंत बांधली. कित्येकींच्या बाबतींत ती आवळूं लागली, आणि मऊ पिशवी दगडासारखी कठीण होऊन दुखूं लागली. पिशव्या पाझरल्या, फुटल्या. आपल्यास सांधेदुखी आणि इतर व्याधि या पदार्थामुळें जडल्या, अशी तक्रार हजारो स्त्रियांनीं केली, तेव्हां उत्तर देण्यास पुरेसा पुरावाच कोणाजवळ नव्हता; कारण तीस वर्षें ही वस्तु विकली गेली ती नीटशी परीक्षा न होतांच. १९९२ सालीं अमेरिकन सरकारनें तिच्या सरसकट वापरास बंदी घातली. १९९९ मध्यें तेथील तज्ज्ञमंडळानें निर्णय दिला कीं सर्वांगाच्या रोगांचा संबंध सिद्ध होत नाहीं, परंतु जागचे उपद्रव मात्र वारंवार होतात. आणि २००६ मध्यें बंदी उठली. पुढें २०१० सालीं फ्रान्समधील पीप नांवाची कंपनी पिशव्यांत कारखान्याच्या कामाचें हलकें सिलिकोन भरीत होती हें उघडकीस आलें, आणि २०१३ मध्यें तिच्या संस्थापकास कारावास झाला. याहून विलक्षण दैवगति पुढेंच आहे. भिंत आवळूं नये म्हणून पिशवीचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करण्यांत आला. आणि त्याच खडबडीत पृष्ठभागाशीं, विरळा कां होईना, लसिकापेशींच्या एका कर्करोगाचा संबंध आढळला. २०११ मध्यें अमेरिकन सरकारनें इशारा दिला, आणि २०१९ मध्यें त्यांतील एक प्रमुख जात बाजारांतून परत घेतली गेली. एका कर्करोगाच्या जखमेवरील मलमपट्टी दुसऱ्या कर्करोगाचें बीज ठरावी, याहून कठोर धडा कोणता? या प्रकरणांतून एक न्याय निष्पन्न होतो: पदार्थ निर्दोष आहे हें सिद्ध करण्याचें ओझें करणाऱ्यावर असावें, तो सदोष आहे हें सिद्ध करण्याचें ओझें तो सोसणारीवर नसावें.

आतां पुन्हां लिस्टरच्या तातीकडे वळूं. १९७० च्या सुमारास मेंढीच्या आंतड्याची जागा रसायनशाळेंतील विरघळणाऱ्या धाग्यांनीं घेतली. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांच्या साखळ्यांचे हे धागे देहांतील पाण्यानेंच हळूहळू तुटतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे तर दह्याच्या आंबटपणाचें आणि श्रमलेल्या स्नायूंचें आम्ल. मग शास्त्रज्ञांस सुचलें कीं विरघळणाऱ्या धाग्यांत जर औषध कोंडलें, तर धागा विरेल तसतसें औषध झिरपेल. आज स्तनाच्या कांहीं कर्करोगांत बीजकोशांचें कार्य थांबविण्यासाठीं गोसेरेलिन नांवाचें औषध देतात. तें याच जातीच्या द्रव्याच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या कांडींत भरलेलें असतें. पोटाच्या कातडीखालीं ती टोंचली कीं महिनाभर पुरते. हेंच कार्य साधण्यासाठीं ग्लासगोच्या बीट्सननें १८९६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या उपचारांत रोग्याचे बीजकोश कापून काढावे लागले होते. सुरीचें काम एका विरघळत्या दाण्यावर आलें! शस्त्राचा संकोच आणि द्रव्याचा उत्कर्ष हे दोन प्रवाह येथें मिळतात.

अलीकडील संशोधनानें याहून गहन असा प्रश्न पुढें आणला आहे. १९८६ सालीं ड्वोराक या विकृतिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं कर्करोगाची गांठ म्हणजे न भरणारी जखम होय. जखम भरतांना देह ज्या युक्ति योजितो, त्याच गांठ आपल्या वाढीसाठीं चोरते. मग प्रश्न असा कीं, शस्त्रक्रियेची जखम भरतांना दूर कोठें निजलेल्या रोगपेशी तर जाग्या होत नाहींत? २०१८ मध्यें अमेरिकेंत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत तसें होऊं शकतें असें दिसलें, आणि दाह कमी करणाऱ्या साध्या औषधानें तें आटोक्यांत येतें असेंही दिसलें. त्याच वर्षीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं उंदराच्या स्तनांतील गांठ काढल्यावर त्या पोकळींत हायलुरोनिक आम्लाचा लगदा ठेवून त्यांतून प्रतिकारशक्ति चेतविणारें औषध सोडलें, आणि पुष्कळ उंदरांत रोग उलटला नाहीं. त्यापूर्वीं २०१५ मध्यें एका विरघळत्या प्लास्टिकची सच्छिद्र चकती उंदरांत बसवून भटक्या रोगपेशींस सांपळा लावण्याचा प्रयोग झाला. म्हणजे जी भिंत बांधणारी सेना सिलिकोनची वैरीण ठरली, तिलाच आतां बोलावून घेऊन कामास लावावयाचें! पाहुण्यानें गुपचूप पडून राहावें, ही अपेक्षा जाऊन त्यानें यजमानाशीं बोलावें, ही नवी अपेक्षा आली आहे. अर्थात् हे उंदीर आहेत, माणसें नव्हत. आणि मागील इतिहास ज्यानें वाचला आहे, तो या आशेस लगाम घालूनच पुढें जाईल.

या कथेंत आपल्या प्रांताचा वांटा लहान नाहीं. मुंबईस परळ भागांत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. पुण्यांत १९१७ मध्यें जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकलेल्या कमल रणदिवे यांनीं मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली, आणि उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा मूलगामी अभ्यास केला. हॉल्स्टेडच्याच जॉन्स हॉपकिन्समध्यें त्या कांहीं काळ शिकून आल्या होत्या. १९८२ मध्यें त्यांना पद्मभूषण मिळालें. २०२३ मध्यें राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भारतांतील १६०० स्त्रियांपैकीं निम्म्या जणींस शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं मिनिटें गांठीभोंवतीं लिडोकेन हें बधिर करणारें स्वस्त औषध टोंचलें, तेव्हां पांच वर्षांनंतर त्यांतील शेंकडा ९०.१ स्त्रिया जिवंत होत्या. न टोंचलेल्यांत हें प्रमाण ८६.४ होतें. कापण्याच्या त्या क्षणींच कांहीं तरी निर्णायक घडत असावें, या शंकेस यानें बळकटी आली. आणि १९९८ पासून वीस वर्षें मुंबईच्या वस्त्यांतून दीड लाखांवर स्त्रियांची जी पाहणी झाली, तींत कोणतेंही यंत्र नव्हतें. तयार केलेल्या आरोग्यसेविकांचे हात होते. पन्नाशीपुढील स्त्रियांत अशा तपासणीनें या रोगाचे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाले, असें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें.

मावशीची शस्त्रक्रिया १९८४ सालीं झाली. मिलानचा निष्कर्ष त्यापूर्वीं तीन वर्षें छापून झाला होता. पण तो लहान गांठीसाठीं होता. दीड वर्षानें मावशीची गांठ लहान राहिलेली नव्हती. फिशर, व्हेरोनेसी आणि त्यांच्या हजारो अनाम स्त्रियांनीं जें मिळविलें, तें तिच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बाहेरच थांबलें. कारण दार आंतून बंद होतें. तें तिनें एकटीनें बंद केलें होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या घरांत तिनें सांगावयाचें, त्या घरांतील आम्हां सर्वांचें मौन त्या कडीला लागलेलें होतें.

मावशी अकरा वर्षें जगली. ती गेल्यावर आईनें ती मोहरीची पिशवी टाकली नाहीं. आज ती आमच्याकडे आहे. देहाला कोणतें द्रव्य मानवतें, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत, आणि तो यशस्वी होवो. परंतु देहाच्या पाहुणचाराआधीं घराच्या पाहुणचाराचा प्रश्न आहे. एक अप्रिय बातमी घेऊन घरांतलीच बाई माजघराच्या दाराशीं उभी राहिली, तर तिला आपण 'ये, बैस, सांग' असें म्हणूं काय? अटोसेपासून मावशीपर्यंत अडीच हजार वर्षें हा प्रश्न उत्तराची वाट पाहत उभा आहे, आणि त्याचें उत्तर देण्यास कोणत्याही रसायनशाळेची आवश्यकता नाहीं.